आठ लाख ऐंशी हजार सातशे सत्त्याहत्तर

पडद्यांच्या त्या दुकानात तिला सगळे ‘एकदाबघ’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण दुकान असून असून केवढं असणार? पुढे काउंटर, मागे कापडाचे तागे, वर माळ्यावर शिवणयंत्रं. पाठीमागे बोललेलं पुढे ऐकू यायचंच. तिला ते माहीत होतं, पण ती कधी चिडली नाही, कारण नाव काही खोटं नव्हतं.

गिऱ्हाईक खिडकीचं माप घेऊन यायचं. त्यावरून कापड किती लागेल ते काढायचं, हे तिचं काम. चुण्यांसाठी रुंदीच्या अडीचपट धरायचं, उंचीत वरची पट्टी आणि खालची दुमड मिळवायची, ताग्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, बघून पट्टे किती पडतील ते ठरवायचं. कापडावर मोठी फुलं असली तर जोडावर फूल अर्धवट कापलं जाऊ नये म्हणून आणखी थोडं. बाकीच्या पोरी हे सगळं अंदाजपंचे करायच्या आणि कापड वाया गेलं की एकमेकींकडे बोट दाखवायच्या. हिचं माप कधी चुकलं नाही. तरीही कात्री लावायच्या आधी ही आकडेमोडीचा कागद शेजारणीपुढे सरकवणार आणि म्हणणार, "एकदा बघतेस का गं?"

शेजारीण बघायची. बरोबर असायचं. मग लगेच पुन्हा, "हातचा नीट धरलाय ना मी?"

एकदा मालक वैतागले. "अहो ताई, इतक्या वर्षांत तुमची एक चूक निघालेली मी पाहिली नाही. आणि तुमचं बघण्यात या पोरींचा निम्मा दिवस जातो. तुमचा स्वतःवर विश्वास नाही का?"

"नाही," ती म्हणाली. इतकं सरळ उत्तर आलं की मालकच गडबडले आणि उगाच ताग्यावरची धूळ झटकू लागले.

आता धडधाकट, शहाण्या बाईला आपल्याच बेरजेचा भरवसा का नसावा? नव्हता असं नाही. होता, पण काढून घेतला. आणि कोणा चोराचिलटाने नाही, सख्ख्या बापाने. तोही भर वर्गात, हातात खडू धरून.

बाप शाळेत गणित शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि मागे म्हणताना ‘देवमाणूस’ असंही जोडत. म्हणोत बापडे. देवमाणूस बघायचा असेल तर त्याच्या घरी राहून बघावा. वर्गातल्या पोरांना समजेपर्यंत तीन-तीनदा सांगणारे मास्तर घरी आले की एकदाच बोलायचे आणि तेही हुकूम सोडल्यासारखं. घरात दोन मुलं. मोठी मुलगी म्हणजे हीच, तिला घरात थोरली म्हणत, आणि तिच्यामागचा मुलगा, तो धाकटा.

मास्तरांना संख्यांचा नाद. नाद म्हणजे कसा, बसचं तिकीट हातात आलं की त्यावरच्या क्रमांकाला भाग कशाने जातो ते बघितल्याशिवाय उतरायचे नाहीत. प्रत्येक संख्येला त्यांच्याकडे जात होती, कुळी होती. आठ घ्या. आठला, तो स्वतः सोडून, एक, दोन आणि चारने भाग जातो. त्यांची बेरीज सात, म्हणजे आठाहून कमी. म्हणून आठ ही न्यून संख्या. बाराला एक, दोन, तीन, चार आणि सहाने भाग जातो. बेरीज सोळा, बाराहून जास्त. म्हणून ती अधिक. सहाचे भाजक एक, दोन, तीन. बेरीज बरोब्बर सहा. म्हणून सहा परिपूर्ण, आणि अशा परिपूर्ण संख्या शोधून सापडत नाहीत इतक्या थोड्या. आणि जिला एक आणि ती स्वतः सोडली तर कोणीच भागू शकत नाही, ती मूळ संख्या. ती सगळ्यांत खानदानी.

इथवर ठीक होतं. संख्यांना काय, त्यांना राग येत नाही. पण मास्तर माणसांनाही तीच लेबलं लावत सुटले. मुख्याध्यापक ‘अधिक’, कारण पदव्या फार आणि वजन कमी. बायको ‘न्यून’. धाकटा शहाणा निघाला तर परिपूर्ण होईल म्हणे. आणि स्वतः? स्वतः अर्थातच मूळ. "मला भागणारा अजून जन्माला यायचाय," असं ते जेवताना म्हणायचे, आणि थोरलीची आई मान खाली घालून वाढत राहायची.

याला कारणही त्यांनी शोधून ठेवलं होतं. त्यांच्या पदवीच्या प्रमाणपत्राचा क्रमांक होता ८८०७७७. दुसरा कोणी असता तर प्रमाणपत्र पेटीत टाकून मोकळा झाला असता. मास्तरांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी ठरवलं, ही संख्या मूळ आहे का ते बघायचं. त्यासाठी आठ लाखांपर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भागत बसावं लागत नाही. ९३९ ला ९३९ ने गुणलं तर उत्तर या संख्येच्या पुढे जातं. म्हणजे ९३८ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की झालं, त्यात एकानेही भाग गेला नाही तर संख्या मूळ.

आणि मूळ संख्यांचा तक्ता तर वर्गाच्या भिंतीवरच होता. हजारपर्यंतच्या विषम संख्या ओळीने लिहिलेल्या, आणि ज्यांना भाग जातो त्यांच्यावर लाल रेघ. मास्तरांनी सांगायचं आणि चित्रकलेच्या सरांनी स्टुलावर उभं राहून ब्रशने रेघ ओढायची, असा तो दोघांनी मिळून केलेला. ज्या उरल्या त्या मूळ. मास्तरांनी तो तक्ता समोर ठेवून अख्खी उन्हाळ्याची सुट्टी भागाकार केले. रोज रिकाम्या वर्गात जाऊन बसायचे. शेवटच्या भागाकारालाही बाकी उरली तेव्हा त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ती संख्या रंगवून घेतली, पुसता येऊ नये अशी. खाली काही लिहिलं नाही. पण दर वर्षी आठवीचा नवा वर्ग आला की पहिल्याच तासाला खडू वर रोखून म्हणायचे, "हिला फोडून दाखवा. जो फोडेल त्याला या खुर्चीवर बसवीन, आणि तो अख्खा तास मी समोरच्या बाकावर बसेन. शब्द आहे माझा."

पोरं दोन दिवस भागाकार करायची. सातने, अकराने, तेराने. मग कंटाळायची. असं वर्षानुवर्षं चाललं आणि मास्तरांचं नाव त्या संख्येला चिकटलं. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की नमस्कारानंतर विचारायचे, "फुटली का हो सर?" आणि मास्तर छाती भरून म्हणायचे, "कुठली फुटते!"

थोरली आठवीत गेली ती बापाच्याच वर्गात. तिला ती खुर्ची हवी होती. बाकी कुठल्या बक्षिसाचं तिला काही नव्हतं. आपले बाबा बाकावर, पोरांच्यात, आणि आपण वर, एवढंच तिला दिसायचं. त्यात खोडी होती, पण त्याहून जास्त माया होती. बाबांनी आपल्याकडे मान वर करून बघावं असं तिला वाटायचं. घरी ते कधी बघत नसत.

तिला गालगुंड झालं. घरात बसून कंटाळा आला म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तिने आपला स्वतःचा तक्ता काढायला घेतला. तिनाच्या पाढ्यातल्या खोडल्या, पाचाच्या, साताच्या, असं करत करत हजारपर्यंत आली. भिंतीवरचा तक्ता तिला तोंडपाठ होता, सहा महिने त्याच्यासमोर तर बसत होती. ताडून बघितलं तर तिच्या तक्त्यात एक संख्या जास्त उरली. सहाशे सत्त्याहत्तर. भिंतीवर तिच्यावर लाल रेघ होती.

आधी तिला वाटलं, आपलंच चुकलं. सातने भागून बघितलं, अकराने, तेराने, सतराने, एकोणीसने, तेवीसने. कशानेच जाईना. शेजारच्या सहाशे एकोणऐंशीला मात्र सातने भाग जात होता. सत्त्याण्णव साते सहाशे एकोणऐंशी. मग तिच्या लक्षात आलं. एकोणऐंशीवर ओढलेली रेघ शेजारच्या घरात घुसली होती. सरांचा ब्रश थोडा लांब गेला होता, एवढंच.

आणि मग तिला दुसरी गोष्ट सुचली. सुचली आणि बिछान्यात ताडकन उठून बसली. बाबांनी सगळे भागाकार भिंतीवरच्या तक्त्यावरून केले होते. भिंतीवरची रेघ म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. म्हणजे सहाशे सत्त्याहत्तरने त्यांनी कधी भागलंच नव्हतं!

तिने भागायला घेतलं. आठशे ऐंशीत एकदा, उरले दोनशे तीन. वरचा सात उतरवला, दोन हजार सदतीस, तीन वेळा, उरले सहा. सात उतरवला, सदुसष्ट, जात नाही, शून्य. शेवटचा सात उतरवला आणि खाली उभे राहिले सहाशे सत्त्याहत्तरच. एक वेळा. बाकी काही नाही. उत्तर आलं तेराशे एक.

पोरीने घरात अवाक्षर काढलं नाही. गाल उतरले, शाळेत गेली, आणि गणिताच्या तासाला हात वर केला. "सर, मी फोडली."

वर्गात हशा झाला. मास्तरही हसले. "या, बाईसाहेब." ती फळ्याजवळ गेली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ६७७ × १३०१. लिहून मागे सरकली, आणि न राहवून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

मास्तर फळ्याकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं. मग पुन्हा फळ्याकडे. ज्या माणसाने बसच्या तिकिटांना जन्मभर भागलं, त्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार? कळलं त्यांना. तिथल्या तिथे कळलं. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं कळूनसवरून झालेलं आहे.

"सहाशे सत्त्याहत्तर," ते वर्गाकडे वळून म्हणाले, "तक्त्यावर कापलेली आहे की नाही?"

"आहे!" वर्ग ओरडला.

"जिला स्वतःलाच भाग जातो, ती माझी संख्या फोडणार?"

किती पोकळ बोलणं! कापलेली असो की नसो, भाग गेला तर गेला. पण चाळीस पोरांना एवढा विचार करायला कोण सांगतंय? पोरं हसली. मग मास्तरांनी खडू घेतला आणि गुणाकार मांडला. सातने, सत्तरने, सहाशेने. तीन ओळी, खाली रेघ. बेरीज करताना एके ठिकाणी नऊ आणि एक दहा होतात, शून्य मांडून हातचा एक पुढे न्यायचा असतो. मास्तरांनी शून्य मांडलं आणि हातचा गिळला. उत्तर लिहिलं आठ लाख सत्तर हजार सातशे सत्त्याहत्तर.

"दहा हजारांनी हुकली," ते म्हणाले. "हातचा उगाच घेतलास."

"पण बाबा, नऊ आणि एक..."

"वर्गात बाबा नाही. जागेवर जा." आणि डस्टर फिरवला. हिचंही पुसलं आणि स्वतःचंही. वरची रंगवलेली संख्या तेवढी राहिली.

घरी येऊन तिने तो गुणाकार पुन्हा केला. कॅलेंडरच्या पाठीवर, पाटीवर, अंगणातल्या मातीत काडीने. दर वेळी आठ लाख ऐंशी हजार. दर वेळी वाटायचं, माझ्याच डोळ्यांत काही बिघाड आहे. आई म्हणाली, "बाबांपुढे शहाणपण पाजळायला कोणी सांगितलं होतं तुला?" झालं. तेरा वर्षांच्या पोरीपुढे दोन गोष्टी होत्या. एक तर बाबा खोटं बोलले, नाहीतर नऊ आणि एक दहा होत नाहीत. तिने दुसरी निवडली. त्या वयात बापावरचा विश्वास पाढ्यांवरच्या विश्वासापेक्षा मोठा असतो, आणि हेच मास्तरांच्या पथ्यावर पडलं.

त्यानंतर परीक्षेत ती प्रत्येक बेरीज चार-चारदा तपासायची. पेपर निम्मा सुटायचा. मार्क पडायचे पस्तीस, अडतीस. मास्तर प्रगतिपुस्तकावर सही करता करता म्हणायचे, "न्यून." दहावीनंतर तिने गणित सोडलं. सोडवलंच म्हणा. धाकट्याला इंजिनिअर केला, हिला पडद्यांच्या दुकानात चिकटवली. पुढे लग्न झालं, एक मुलगी झाली. मुलगी गणितं घेऊन आली की ही म्हणायची, "मला नाही गं येत. मामाला फोन कर." येत होती सगळी. मनातल्या मनात सुटलेली असायची. पण उत्तर सांगायला जीभ उचलायची नाही.

मग दुकानात कॅल्क्युलेटर आला. पहिल्या दिवशी पोरी त्यावर आपापली वयं नि पगार मिळवत बसल्या. दुपारी काउंटर रिकामं असताना हिने सहाशे सत्त्याहत्तर दाबलं, गुणिले, तेराशे एक. बरोबरचं बटण दाबायला बोट पुढे होईना. शेवटी दाबलं.

आठ लाख ऐंशी हजार. सातशे सत्त्याहत्तर.

ती ताग्यावर बसली. रडली नाही. तिला आधी आनंद झाला, खरोखरीचा, पोटातून आलेला. आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की हातातला कॅल्क्युलेटर तिने जपून खाली ठेवला, फुटेल म्हणून.

तशीच ती माहेरी गेली. मास्तर तेव्हा निवृत्त होऊन व्हरांड्यात बसलेले. "बाबा, यंत्रावर करून बघितलं. बरोबर येतंय माझं."

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. "आकडा मोठा असला की यंत्रं चुकतात," ते म्हणाले.

हसावं की कपाळ बडवावं? ती परत आली. आता तिला माहीत होतं की आपलं बरोबर आहे. मालकांना माहीत होतं, शेजारणीला माहीत होतं, यंत्रालाही माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी कात्री लावायच्या आधी तिच्या तोंडून निघालंच, "एकदा बघतेस का गं?" एका माणसाने काढून घेतलेलं यंत्राने परत मिळत नाही. त्याच माणसाने द्यावं लागतं. तिला एवढंच हवं होतं. बाबांनी एकदा म्हणावं, तुझं बरोबर होतं. बस्स. नमस्कार नको, खुर्ची नको.

आई गेली. धाकटा लांब नोकरीला. मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा थोरलीने त्यांना आपल्या घरी आणलं. सगळं तिने केलं. अंग पुसलं, कपडे बदलले, भरवलं. भेटायला येणारे म्हणायचे, "मुलगी असावी तर अशी." मास्तर मान हलवायचे. एका दुपारी घरात दोघंच होती. तिने त्यांची नखं कापली, कात्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बाबा, एक विचारू? इथे कोणी नाही. मी कोणाला सांगणार नाही. त्या दिवशी माझं बरोबर होतं ना? नुसती मान हलवली तरी चालेल."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. ओठ हलले, आणि तिला वाटलं, आलं, आता आलंच.

"पाणी दे," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे केलं.

पुढच्या आठवड्यात ते गेले. पालथ्या घड्यावरचं पाणी म्हणतात ते हेच. इतकी वर्षं ओतलं, थेंब आत गेला नाही.

शोकसभा शाळेतच ठेवली, रविवारी, आणि मुद्दाम आठवीच्याच वर्गात, कारण संख्या तिथे होती. फळा नवा बसवला होता, पण बाईंनी, म्हणजे हल्लीच्या मुख्याध्यापिकांनी, ती संख्या नव्या फळ्यावरही तशीच रंगवून घेतली होती. मास्तरांची जुनी खुर्ची पुढे ठेवलेली. खुर्चीवर मास्तरांचा मोठा फोटो, खाली फुलं. बाकांवर दाटीवाटीने बसलेले विद्यार्थी, कोणी टक्कल पडलेले, कोणी पोट सुटलेले. थोरली पहिल्या बाकावर, शेजारी धाकटा.

भाषणं झाली. देवमाणूस, देवमाणूस. ती ऐकत होती आणि नखाने बाकावर कोरलेली अक्षरं खरडत होती. मग चित्रकलेचे सर उठले. आता ते फार म्हातारे झालेले, काठी टेकत पुढे आले आणि मिश्कील हसले.

"आज एक गुपित फोडतो," ते म्हणाले. "ही वर लिहिली आहे ना, ती मूळ संख्या नाही. आणि त्याचं पाप माझ्या ब्रशला. तक्ता रंगवताना रेघ जरा लांब गेली. ते कोणी पकडलं माहीत आहे? ही समोर बसली आहे तिने. आपल्या थोरलीने! तेरा वर्षांची होती."

वर्गभर कुजबुज झाली. थोरलीचं नख थांबलं.

"मास्तर दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आले. सगळ्यांना चहा पाजला, स्वतःच्या पैशाने. आयुष्यात पुन्हा कधी पाजला नाही त्यांनी." हशा. "म्हणाले, माझ्या पोरीने माझी संख्या फोडली. अशी पोर लाखात नाही. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या! मी म्हटलं, मग तिला सांगा की. तर म्हणाले, छे, सांगितलं तर शेफारेल. आणि वर्गात माझं काय राहील? तुम्हीही कोणी बोलायचं नाही. आम्ही कोणी बोललो नाही. पण दर वर्षी ते ही गोष्ट सांगायचे बरं का, आणि दर वर्षी तितक्याच कौतुकाने. असा हा बाप! तोंडाने कधी बोलला नाही, पण काळजात केवढं ठेवलं होतं!"

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. मुख्याध्यापिका बाईंनी मागून थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "किती भाग्यवान हो तुम्ही."

थोरली धाकट्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय," धाकटा हळू आवाजात म्हणाला. "मी कॉलेजला निघालो तेव्हा सांगितलं बाबांनी. म्हणाले, तू नुसता घासून पास होतोस, डोकं खरं ताईचं." तो हसला. "मला वाटलं, तुला सांगितलं असेल."

स्टाफला माहीत होतं. धाकट्याला माहीत होतं. कोण जाणे, शिपायालाही माहीत असेल. जिची गोष्ट होती ती सोडून सगळ्यांना वाटून झाली होती. ती पस्तीस मार्कांचे पेपर घेऊन घरी येत होती तेव्हा स्टाफरूममध्ये तिचं कौतुक चाललं होतं. तो माणूस ‘न्यून’ म्हणून सही करत होता, आणि त्याच हाताने चहाचा कप उचलून ‘लाखात नाही’ म्हणत होता. तिला आजवर वाटायचं, बाबांना हरणं जमलं नाही. ते एक वेळ माफ करता आलं असतं. पण हे? हे देणं त्यांच्या खिशात होतं, आणि येईल-जाईल त्याला काढून दाखवत होते.

"ताईंनी दोन शब्द बोलावेत," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

थोरली उठली. पुढे गेली. काही जणांनी रुमाल तयार ठेवले. तिने खुर्चीवरचा फोटो दोन्ही हातांनी उचलला. चांगला जड होता. तो घेऊन ती परत पहिल्या बाकाशी आली, स्वतःच्या रिकाम्या जागेवर, धाकट्याच्या शेजारी, तो नीट उभा करून ठेवला. तोंड फळ्याकडे. मग मागे जाऊन फुलं बाजूला सारली आणि खुर्चीवर बसली.

कोणाला काही कळेना. मागच्या बाकावर मात्र एक टक्कल पडलेला विद्यार्थी हळूच म्हणाला, "अरे, खुर्चीचा तो शब्द..."

"ताई, बोला ना," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"तास संपू दे," थोरली म्हणाली.

चित्रकलेचे सर काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघू लागले. लोक चुळबुळ करायला लागले. मागचे दोघं-तिघं उठून चपला शोधू लागले. धाकट्याचा चेहरा लाल झाला. तो उठून तिच्याजवळ आला आणि दात आवळून म्हणाला, "ताई, हा काय तमाशा? लोक बघतायत."

"बघू दे," ती म्हणाली. "एकदा सगळ्यांनीच बघू दे."

रविवार होता. घंटा वाजवायला कोणी नव्हतं. ती बसून राहिली.